पाणी कुठे मुरते?

मार्च सरत आला की वर्तमानपत्रांत एक चौकट नेमाने दिसू लागते. कोणत्या धरणात किती टक्के साठा उरला, गेल्या वर्षी याच तारखेला तो किती होता आणि पाऊस लांबला तर तो कुठवर पुरेल, याचा तो हिशेब असतो. घरोघरी तो वाचला जातो. टीएमसी म्हणजे नेमके किती हे ज्यांना धड सांगता येणार नाही, तेही टीएमसीच्या भाषेत बोलू लागतात. मग एके दिवशी पालिकेची सूचना येते : उद्यापासून पाणी दोन तासांऐवजी एक तास, किंवा एक दिवसाआड. आपण उसासा टाकतो, पिंपे घासूनपुसून ठेवतो आणि म्हणतो, चालायचेच. धरणातच नाही तर नळात कुठून येणार?

धरणात नसेल तर नळात येणार नाही, हे खरेच. पण धरण भरून सांडव्यावरून वाहत असताना, ऐन श्रावणातही, ज्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते अशी घरे गावोगावी आहेत. त्याच रस्त्यावर, त्याच वाहिनीवर, चार गल्ल्या अलीकडे मात्र अंगणात सडे पडत असतात. मग या शेवटच्या घरांचे पाणी मुरते कुठे? माझे म्हणणे असे की, याचे उत्तर धरणापेक्षा रस्त्याखालच्या पाईपात अधिक आहे. आणि त्याहीपुढे जाऊन असे की, पाणी वाचवण्यासाठी म्हणून आपण नळाच्या ज्या वेळा कमी करतो, त्या आखडलेल्या वेळाच या विषमतेचे एक मोठे कारण आहेत. हे उफराटे वाटेल, म्हणून पायरीपायरीने सांगतो.

आधी घरातलाच अनुभव घेऊ. बागेला पाणी घालताना नळीला आणखी एक लांब तुकडा जोडला की धार मंदावते. न्हाणीघरात कोणी शॉवरखाली उभे असताना स्वयंपाकघरात नळ सोडला की आतून ओरड येते. गच्चीवरची टाकी तीच असते, तिच्यातले पाणीही तेवढेच असते. बदलते ते पाईपातले. पाणी पाईपाच्या भिंतीला घासत जाते, त्याचे थर एकमेकांना घासतात, प्रत्येक एल्बोपाशी ते धडकून वळते, आणि या घासाघाशीत त्याचा दाब खर्ची पडतो. हा खर्च उष्णतेच्या रूपाने निघून जातो, पण ती इतकी अल्प असते की हाताला जाणवत नाही. वाटेत पाणी नाहीसे होत नाही. त्याला पुढे ढकलणारा जोर नाहीसा होतो. मुरतो तो दाब.

इंजिनियर मंडळी हा दाब उंचीत मोजतात. टाकीतले पाणी तुमच्या नळापेक्षा २० मीटर वर असेल तर नळाशी २० मीटरचा दाब आहे असे म्हणायचे. पण हे तोटी बंद असतानाचे झाले. तोटी सोडली, पाणी धावू लागले, की त्या २० मीटरमधून वाटखर्च वजा होऊ लागतो. प्रवास लांबचा असेल तर खर्च जास्त, एवढे कोणालाही पटेल. पण या खर्चाचे आणखी दोन नियम आहेत, आणि सगळी गोम त्यांत आहे.

पहिला नियम वेगाचा. त्याच पाईपातून दुप्पट पाणी न्यायचे तर वाटखर्च दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो. तिप्पट न्यायचे तर नऊपट. दुसरा नियम पाईपाच्या व्यासाचा. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या पाईपातून न्यायचे ठरवले तर खर्च सुमारे बत्तीसपट होतो. उदाहरणच घ्यायचे तर, आतून १५ मिलिमीटर असलेल्या नव्या, गुळगुळीत अर्ध्या इंची पाईपातून मिनिटाला १० लिटर पाणी ३० मीटर लांब नेण्यात सुमारे अडीच मीटर दाब खर्च होतो. मिनिटाला २० लिटर हवे असतील तर जवळजवळ ९ मीटर जातात. आणि अर्ध्याऐवजी पाऊण इंची पाईप घातला, तर पहिल्या १० लिटरना पाऊण मीटरसुद्धा लागत नाही. घर बांधताना प्लंबर मोठा पाईप घाला म्हणतो तेव्हा तो बिल फुगवतो आहे असे आपल्याला वाटते. पुष्कळदा तो खरे सांगत असतो.

हे नियम काही आजचे नाहीत. फ्रान्समधल्या दिजाँ या शहरात १८०३ साली जन्मलेला हेन्री डार्सी हा इंजिनियर त्यासाठी ओळखला जातो. त्याने १८४० साली बारा-तेरा किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी आपल्या गावात आणले. तोवर जी सूत्रे प्रचलित होती त्यांत पाईप कशाचा आहे, किती जुना आहे, याला काही महत्त्व नव्हते. डार्सीने लोखंडाचे, शिशाचे, काचेचे, नवे, जुने, आत कीट साचलेले आणि ते कीट काढून साफ केलेले असे नाना पाईप घेऊन पाणी सोडले, दाब मोजला आणि पाईपाच्या आतल्या खरखरीतपणाला हिशेबात आणले. हे प्रयोग १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच जानेवारीत तो वारला. जर्मनीतल्या वाइसबाखने १८४५ साली मांडलेले सूत्र आणि डार्सीची मोजमापे यांची सांगड घालून जे समीकरण झाले ते आजही दोघांच्या नावाने जगभर शिकवले जाते. १८८३ साली मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून पाण्याची चाल डोळ्यांना दाखवली. संथ पाण्यात ती रेघ सरळ राहते. वेग वाढला की एका टप्प्यावर ती विस्कटते आणि भोवऱ्यांत मिसळून जाते. आपल्या नळांतले पाणी बहुधा या दुसऱ्या, भोवऱ्यांच्या चालीनेच धावते. म्हणूनच खर्चाचा तो चौपटीचा नियम.

डार्सीने पाईपाचे वय मोजले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण आपण ते मोजत नाही. रस्त्याखाली एकदा बिडाचा पाईप पुरला की तो जणू अजरामर झाला. पण आत गंजाच्या गाठी धरतात, क्षार बसतात. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरच्या पाईपाला आतून सगळीकडे एक सेंटिमीटर खपली चढली तर मोकळी वाट ८० मिलिमीटरची उरते. तेवढ्याच दाबावर त्यातून पूर्वीच्या साठ टक्क्यांहूनही कमी पाणी जाते, आणि खपलीचा खरखरीतपणा धरला तर त्याहूनही कमी. नकाशावर मात्र तो चार इंचीच असतो. त्याच्या जोरावर नवे नळजोड मंजूर होत राहतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गावाला दिवसाला लागणारे पाणी चोवीस तासांत सारखे वाटले तर जो प्रवाह होईल त्याला एक पट म्हणू. सकाळी सगळ्यांची आंघोळ-धुणी एकदम येतात, म्हणून लहान गावासाठी वाहिन्या आखताना गर्दीच्या वेळी तिप्पट प्रवाह धरण्याची पद्धत आहे. पण नळ दोनच तास येणार असेल तर? दिवसाची गरज कमी होत नाही. स्वयंपाक, धुणे, भांडी, आजारी माणसाचे कपडे, सगळे तेवढेच असते. तेवढेच पाणी दोन तासांत भरून घ्यायचे म्हणजे प्रवाह बारापट हवा. तिप्पटीसाठी आखलेल्या वाहिनीवर हा चौपट भार झाला. आणि प्रवाह चौपट म्हणजे वाटखर्च सोळापट.

समजा, टाकी शेवटच्या नळापेक्षा २० मीटर उंच आहे. चोवीस तास पाणी असते तर ऐन गर्दीतही त्या नळापर्यंत येताना दीड मीटर दाब खर्च झाला असता आणि दोन मजले चढून जाईल एवढा दाब सुखाने उरला असता. दोन तासांच्या पद्धतीत तो खर्च दीडच्या सोळापट, म्हणजे २४ मीटर झाला. टाकीत तर आहेत वीसच. म्हणजे शेवटच्या नळाला वाट्याचे पाणी मिळणे शक्यच नाही, मग धरण काठोकाठ भरलेले का असेना. टाकीजवळची घरे आपल्या तोट्या सोडून बसतात, दाब तिथेच संपतो आणि पुढच्यांना उरलीसुरली धार मिळते. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याचे दुःख आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. शहरातही टेल असते. ती डोंगरउतारावरच्या वस्तीत असते, गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत असते, चाळीच्या शेवटच्या खोलीत असते.

यावर कोणी जाणकार म्हणेल की दोन तासांचाच हिशेब धरून वाहिनी आखावी. जरूर आखावी. पण चौपट पाणी त्याच दाबात न्यायचे तर पाईपाचा व्यास सुमारे पावणेदोनपट लागतो. म्हणजे दिवसातले बावीस तास रिकामे पडून राहणारे पाईप आपण दामदुप्पट मोलाने पुरायचे. ही कसली काटकसर?

आपल्या पूर्वजांना याची जाण होती असे मला वाटते. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने पुण्यात आणले गेले. तो नळ माणूस आत उतरू शकेल एवढा ऐसपैस होता. त्यातून पाणी संथपणे उताराने यायचे आणि शहरातल्या हौदांत साठायचे. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांना आजही परिचयाची आहेत. वाट रुंद ठेवावी, चाल संथ ठेवावी आणि धार अखंड ठेवावी, हे तत्त्व समीकरण माहीत नसतानाही पाळले गेले होते. पुढे वाहिन्या अरुंद झाल्या, माणसे वाढली आणि हौदाची जागा घरोघरच्या पिंपांनी घेतली.

दाब मिळेना तेव्हा माणसाने काय करावे? त्याने मोटार आणली. थेट नळाला मोटार जोडायला बहुतेक पालिकांची मनाई आहे, तरी पाण्याची वेळ झाली की गल्लीगल्लीतून घरघर सुरू होते. मोटार पाणी निर्माण करत नाही. ती सामाईक वाहिनीतला दाब खाली खेचते आणि शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्याकडे वळवते. मग शेजारी मोटार आणतो. पहिला अर्ध्या अश्वशक्तीची काढून एकची बसवतो. वाहिनीतला वेग वाढतो, वाटखर्च त्याच्या वर्गाने वाढतो, आणि अखेर सगळ्यांच्या मोटारी मिळून वीज जाळतात ती बव्हंशी पाईपाच्या भिंती घासण्यासाठी. ज्याच्याकडे मोटार घ्यायला पैसे नाहीत तो या शर्यतीत उतरूच शकत नाही.

याचा दुसरा परिणाम अधिक भयंकर आहे. वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असेल तर तिला पडलेल्या चिरेतून पाणी बाहेर जाते. ती रिकामी असेल, किंवा मोटारींनी आतला दाब शोषून घेतला असेल, तर त्याच चिरेतून बाहेरचे आत येते. आणि आपल्याकडे नळाच्या वाहिनीशेजारी बहुधा गटार असते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ पसरली आणि त्यात माणसे दगावली. कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना २००८ पासून चोवीस तास पाणी मिळू लागले, शेजारच्या प्रभागांना ते काही दिवसांआडच मिळत राहिले. एकाच शहरातल्या या दोन तऱ्हांच्या नळांचे पाणी संशोधकांनी तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : थांबून थांबून येणाऱ्या पाण्यात विष्ठेतल्या जंतूंची लागण कितीतरी अधिक वेळा आढळली. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी स्वच्छ असते. ते घाण होते ते पुढच्या रिकाम्या वाहिनीत.

म्हणून मोटारवाल्यावर छापे घाला, त्याची मोटार जप्त करा, एवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. काही गावांत पाण्याच्या वेळी वीज बंद ठेवण्याचाही उपाय करून झाला. ज्या घरात लहान मूल आहे, म्हातारी आई आहे आणि तासाभरात दोन बादल्याही भरत नाहीत, त्या घरच्या माणसाला नियम सांगणे सोपे आहे. त्याला दाब द्या, मग नियम सांगा.

चोवीस तासांचे नाव काढले की ठरलेला आक्षेप येतो : पाणी सतत ठेवले तर लोक उधळतील. जरा आपल्या घरांत डोकावून पाहू. नळ आला की आपण काय करतो? कालचे भरलेले पाणी शिळे म्हणून ओतून देतो आणि ताजे भरतो. उद्याचा भरवसा नाही म्हणून गरजेहून जास्त साठवतो. नळ गेलेला असताना तोटी उघडी राहते आणि रात्री पाणी येऊन वाहून जाते. ही उधळपट्टी अनिश्चिततेची आहे. हात फिरवला की पाणी येणार हे माहीत असलेला माणूस पिंपे भरत बसत नाही.

गळतीचा आक्षेप मात्र खरा आहे. फुटक्या वाहिनीत चोवीस तास दाब ठेवला तर ती चोवीस तास गळेल. म्हणून हे काम नुसती चावी फिरवून होणार नाही. आधी शहराचे लहान लहान विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात शिरणारे पाणी मोजायचे, घरोघर मीटर बसवायचे, सडलेले पाईप बदलायचे आणि मग एकेका विभागात वेळ वाढवत न्यायची. साताऱ्यातल्या कराडजवळच्या मलकापूरने हे करून दाखवले. २००९च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झाले, मीटर बसले, आणि कमी वापरणाऱ्याला कमी दर व जास्त वापरणाऱ्याला चढता दर अशी रचना झाली. नागपुरात २०१२ पासून शहरभराचे काम खासगी कंपनीकडे सोपवले गेले; त्यावर बिलांवरून आणि कामावरून पुष्कळ वादही झाले. ते वाद अस्थानी नव्हते. पाणी कोणी पुरवावे, दर कोणी ठरवावेत यावर भांडावे. गरिबाला परवडेल अशा दरात किमान पाणी मिळालेच पाहिजे, असा आग्रहही धरावा. पण पाईपातले घर्षण सरकारी की खासगी हे पाहत नाही. वाहिनी कोणाचीही असो, तिला व्यास लागतो, दुरुस्ती लागते आणि वेळ लागतो.

खरी अडचण अशी आहे की पाईप बदलण्याच्या कामाला शोभा नाही. धरण भरले की जलपूजन होते, ओटी भरली जाते, छायाचित्रे छापून येतात. नवी टाकी बांधली की तिच्यावर नावांची पाटी लागते. सहा महिने रस्ता खणून, शिव्या खाऊन, जुना पाईप काढून नवा घातला तर फीत कापायला तिथे काही उरतच नाही. ते काम पुन्हा मातीखाली जाते. म्हणून दर निवडणुकीत लांबच्या नव्या धरणाचे आश्वासन मिळते आणि पायाखालच्या जुन्या वाहिनीबद्दल कोणी बोलत नाही. नवे पाणी त्याच जुन्या पाईपात सोडले की वाटखर्च आणखी वाढतो, एवढेच.

खेड्यांची गोष्ट वेगळी नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दर ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट उत्तमच आहे. हंड्यावर हंडा घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईला नळाचे मोल काय ते कोणी शिकवायला नको. पण मोजदाद नळांची झाली. नळ मोजणे सोपे असते, तोटी भिंतीवर दिसते. तिच्यामागे दाब आहे की नाही, हे शेवटच्या घरात जाऊन पाहावे लागते.

ते पाहण्याचे साधन काही महाग नाही. एका वाटीच्या आकाराचा दाबमापक असतो, तो नळाला लावायचा. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तिकेने १९९९ सालीच म्हटले होते की एकमजली घराच्या नळजोडापाशी ७ मीटर, दुमजलीपाशी १२ आणि तिमजलीपाशी १७ मीटर दाब उरला पाहिजे. तेव्हा माझी मागणी साधी आहे. धरणाच्या टक्क्यांच्या चौकटीशेजारी दुसरीही एक चौकट छापली जावी : प्रत्येक विभागातल्या शेवटच्या नळाशी आज किती दाब होता, आणि किती तास होता. पालिकेने तो आकडा रोज मोजावा आणि वर्षाच्या अंदाजपत्रकात तो किती वाढवणार ते सांगावे.

तोवर आपण एवढे करू शकतो. उमेदवार दारात येईल तेव्हा धरणात किती टीएमसी आहे हे त्याला विचारू नये. ते त्याला पाठ असते. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात, सकाळी सात वाजता, सगळ्यांच्या तोट्या चालू असताना किती मीटर दाब असतो, असे विचारावे. उत्तर येणार नाही. पण हा प्रश्न पुष्कळांनी विचारला, तर पुढच्या खेपेला येण्यापूर्वी तो निदान त्या टोकाच्या घरापर्यंत जाऊन येईल.